किनार सोडून एकतीस

केरळात आलप्पुळाला जाऊन आलेले लोक हाउसबोटीचे फोटो दाखवतात. मी हाउसबोटीत पाय ठेवला नाही. मी तिथल्या एका कॉलेजच्या तळमजल्यावर मासे मोजत बसले होते, सोबत माझे वडील होते, आणि तीन दिवसांत आम्ही जे बघितलं ते सांगायला मला हाउसबोटीची गरज वाटत नाही.

आधी मी कोण ते सांगते. भिवंडीत टेमघरला आमचं घर. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आई काल्हेरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. पप्पा तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते. लूम अडला की कारागीर ज्याला हाक मारतो, तो जॉबर. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि आता गोड्या पाण्यातल्या छोट्या माशांवर काम करते. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. घ्यायचं कारणही नाही.

अंबाडीच्या पुढे माझं आजोळ आहे. तिथल्या ओढ्यात एक मासा आहे, बोटाएवढा. तो पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो, तोंड वर वळलेलं, आणि डोक्यावर एक पांढरी टिकली चमकते. गावात त्याला नाव नाही. मुरीला नाव आहे, शिंगीला आहे, कारण त्या लोक खातात. मामीला मी विचारलं होतं, तर ती म्हणाली, "त्याला कशाला नाव? तव्यावर टाकला तर दिसायचाबी न्हाय."

शास्त्राकडे मात्र त्याचं नाव आहे, आणि घोळ तिथेच आहे. या टिकलीवाल्या माशांचा एक लहानसा गट भारतापासून पार पूर्वेकडच्या देशांपर्यंत पसरलेला आहे. सगळे एकमेकांसारखे दिसतात. कुणाच्या अंगावर पट्टे जास्त, कुणाच्या कमी, कुणाची टिकली मोठी. जुन्या पुस्तकांनी त्यांना वेगळं केलंय ते मोजून. कल्ल्यामागच्या फटीपासून शेपटीपर्यंत अंगावरच्या खवल्यांची एक ओळ जाते, ती मोजायची. आमच्या बाजूच्या माशाचं जे नाव पुस्तकात आहे, त्याच्या ओळीत एकतीस खवले, फार तर एखादा इकडे तिकडे. अंबाडीच्या माझ्या माशांत तेहतीस भरत होते, क्वचित चौतीस. एका माशात नाही, चोवीस माशांत.

आमचे सर म्हणाले, हे खरं असेल तर हा मासा वेगळा आहे, त्याला नवं नाव द्यावं लागेल. अंबाडीवरून देऊ. पण त्याआधी केरळातले मासे शेजारी ठेवून बघायला हवेत, कारण सगळ्यात मोठा संग्रह तिकडे आहे. फोटोवर हे काम होत नाही.

म्हणजे प्रवासाचं कारण एवढं सरळ होतं. मासा वेगळा निघाला तर एका नव्या जातीच्या शोधात माझं नाव छापून येणार होतं. आणि मी काय केलं, तर निघायच्या आधीच हे सगळ्यांना सांगून टाकलं. आईला, मामीला, विहारातल्या बायकांना. पप्पांनी चहाच्या टपरीवर सांगितलं. एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, आपली मुलगी माशाला नाव द्यायला चालली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

टेमघर ते आलप्पुळा

पप्पा सोबत का आले? मी एकटी गेले असते. पण त्यांना लूम सोडून वर्ष झालं होतं आणि नागपूरच्या पलीकडे त्यांनी काही बघितलं नव्हतं. म्हणाले, "तू मासे बघ, मी माणसं बघीन."

माशांची बांधणी मात्र त्यांनीच केली. प्रवासात मासे स्पिरिटच्या बाटलीत नेत नाहीत, सांडतं. ओल्या कापडात एकेक गुंडाळायचे, एकात एक अशा तीन पिशव्यांत घालून बंद करायचे आणि डब्यात ठेवायचे. मी मेडिकलमधून गॉज आणणार होते. पप्पांनी आपल्या जुन्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचा तुकडा आणला, न धुतलेला, न रंगवलेला. म्हणाले, गॉजचे धागे सुटतात, याचे सुटणार नाहीत. खरंच सुटले नाहीत.

गाडीतली गंमत एकच. रत्नागिरीच्या पुढे समोरच्या बाकावरच्या बाई नाक वर करून विचारायला लागल्या, कसला वास येतो, लोणच्याचा का? पप्पांनी शांतपणे सांगितलं, मुलगी डॉक्टरीणबाई आहे माशांची, पेशंट नेतेय. बाईंनी पाय वर घेतले ते मडगावपर्यंत खाली ठेवले नाहीत.

पहिला दिवस, आलप्पुळा

स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसलो आणि वेटरने दोन ग्लास पाणी आणून ठेवलं. गुलाबी पाणी, वर गरम. पप्पांनी ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, वास घेतला आणि खाली ठेवला. भिवंडीत गुलाबी पाणी कुठे दिसतं ते आम्हाला माहीत आहे. डाईंगच्या मागच्या गटारात.

"पिऊ नको," ते म्हणाले. "रंग हाय."

मी वेटरला विचारलं. तो हसला आणि हिंदीत म्हणाला की एका झाडाचं लाकूड पाण्यात उकळतात, पोटाला चांगलं असतं, इथे सगळे हेच पितात. पप्पांना पटेना. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ ग्लासावर ग्लास पीत होते, त्यांच्याकडे ते पाच मिनिटं बघत राहिले. गृहस्थांना काही झालं नाही तेव्हा त्यांनी एक घोट घेतला. शेवटच्या दिवशी त्याच लाकडाचं पाकीट त्यांनी स्वतः विकत घेतलं, ही गोष्ट वेगळी.

जेवण आम्हाला परकं वाटलं नाही. तांदूळ लाल आणि जाड, आजोळी हातसडीचा असायचा तसा, फक्त दाणा दुप्पट. सोबत उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, आणि लालभडक माशाची आमटी. आम्ही आमटीत चिंच नाही तर कोकम टाकतो. हे लोक एक काळं, वाळलेलं, धुराचा वास असलेलं फळ टाकतात. कोकमाचा थोरला भाऊ म्हणा. आंबटपणा जिभेवर उशिरा येतो आणि बराच वेळ राहतो. पप्पांनी तीनदा भात घेतला आणि मग म्हणाले, आपली खाडीतली बोईट याच्यात टाकली तर आपण जिंकू.

दुपारी पाणी बघायला निघालो. आमच्या खाडीचं पाणी येतं आणि जातं, मागे चिखल ठेवून जातं. इथलं पाणी घरातल्या माणसासारखं कायम हजर. घराच्या दारातून तीन पायऱ्या उतरल्या की कालवा. त्याच पायरीवर भांडी, त्याच पायरीवर मुलांची अंघोळ, त्याच पायरीला होडी. काही ठिकाणी शेत कालव्यापेक्षा खाली आहे, बांधावर उभं राहिलं की डावीकडे डोक्याच्या उंचीवर होडी आणि उजवीकडे पायाखाली भात. पप्पा म्हणाले, "बांध फुटला तर?" तर फुटतो, आणि मग पुन्हा बांधतात, असं आमच्या नावाड्याने सांगितलं.

हे नावाडी वर्गीस चेट्टन. चेट्टन म्हणजे दादा. साठीचे, बनियन आणि लुंगी, हिंदी मोडकं पण भरपूर, कारण तरुणपणी ते वसईला सुतारकाम करून गेलेले. एका पायरीपाशी त्यांनी होडी थांबवली आणि वल्ह्याने पाण्याकडे दाखवलं. वरच्या थरात चार-पाच टिकल्या चमकत होत्या. माझाच मासा. म्हणजे त्याचा इथला भाऊ.

मी विचारलं, याला काय म्हणता? त्यांना विचारही करावा लागला नाही. "मानत्तुकण्णी." म्हणजे आकाशाकडे डोळे लावलेली.

मी विचारलं, खाता का? तर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच येडी. एवढासा मासा कोण खाईल?

मला क्षणभर राग आला. यांचा नाही, आमचाच. न खाता नुसतं बघून नाव ठेवायला आमच्याकडे कुणाला सवड झाली नाही. मी मनात म्हटलं, बस, आता आमचंही नाव येतंय, चार दिवस थांबा.

दुसरा दिवस, संग्रहात

संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना तिथे सगळे शीबा टीचर म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. पन्नाशीच्या, सुती साडी, केस तेल लावून घट्ट बांधलेले. बोलायला एकदम मऊ आणि कामात एकदम कडक. तळमजल्यावर तीन खोल्या भरून लोखंडी मांडण्या आणि त्यांवर बाटल्या. प्रत्येक बाटलीत माशांचं एकेक गाव. स्पिरिटमध्ये रंग उडून सगळे मासे चहाच्या रंगाचे झालेले. पप्पा दारातच थबकले. मग चपला बाहेर काढून आत आले. टीचरनी सांगितलं की गरज नाही, तरी त्यांनी पुन्हा घातल्या नाहीत.

टीचरनी माझा डबा उघडला, कापड चिमटीत धरून बघितलं आणि इंग्रजीत म्हणाल्या की इतकी चांगली गुंडाळलेली पार्सलं आमच्याकडे येत नाहीत. मी भाषांतर केलं. पप्पांची पाठ सरळ झाली.

मग खरं काम सुरू झालं. माझं पहिलं म्हणणं पट्ट्यांबद्दल होतं. अंबाडीच्या काही माशांवर आडवे काळे पट्टे ठळक होते, पुस्तकातल्या चित्रात तसे नव्हते. टीचरनी चार मासे उचलले, पोटाखालचे पर बघितले आणि दोन मिनिटांत निकाल दिला. पट्टेवाल्या सगळ्या माद्या. चित्र नराचं. नर आणि मादी वेगळे दिसतात म्हणून यापूर्वीही लोकांनी एका जातीच्या दोन केल्या आहेत, तुम्ही पहिल्या नाही. हे त्यांनी टोमणा म्हणून सांगितलं नाही, पण लागलं.

"पट्टे गेले," मी म्हटलं. "खवले राहिले."

"खवले राहिले," त्या म्हणाल्या. "तेहतीस असतील तर मी तुमच्या बाजूने." मला दोन मायक्रोस्कोप असलेलं टेबल देऊन त्या लेक्चरला गेल्या.

मी त्यांच्या बाटलीतले मासे मोजायला घेतले, कारण माझे मोजून झालेच होते. पहिल्या माशात मला तेहतीस भरले. मी बाटलीवरची चिठ्ठी बघितली. केरळातलाच मासा, आणि चिठ्ठीबरोबरच्या नोंदीत खवले एकतीस. दुसरा घेतला. तेहतीस. तिसरा, तेहतीस. मला वाटलं, यांनी चुकीचं मोजलंय. खरंच असं वाटलं. मी कोण, यांचा संग्रह केवढा, असलं काही मनात आलं नाही. यांचं चुकलंय एवढंच आलं.

पप्पा स्टुलावर बसून कंटाळले होते. मी म्हटलं, बघायचंय का? त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर कापड हाय."

ते चुकीचं नव्हतं. खवले एकावर एक तिरके बसलेले, ओळीत ओळ. कापडाची जात ठरवायला जॉबर एक छोटी काच कापडावर ठेवतो आणि एका इंचातले धागे मोजतो. पप्पांनी आयुष्यभर ते केलंय. मी सुई हातात दिली आणि ओळ दाखवली. ते ओठ हलवत मोजायला लागले. एका जागी थांबले.

"एकतीस."

"पप्पा, दोन राहिले. शेपटीवर आहेत बघा."

"ते दिसले. ते धरायचे न्हाईत, ते किनारीचे."

"म्हणजे?"

त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं, शाळेत असताना गणित चुकलं की बघायचे तसं. "बाय, किनारीवर काच ठेवतात का कधी? तिथं वीण बदलते. हे बघ, इथपर्यंत सरळ चाललंय, पुढं बारीक झालं. तू बीम मोजतेस का कापड?"

ज्यांना लूम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बीमवर ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे गुंडाळलेले असतात. ते मोजायचे तर या किनारीपासून त्या किनारीपर्यंत, एकही न सोडता. लहानपणी सुट्टीत मी पप्पांबरोबर बसायचे ती या कामाला. मोजायचं म्हणजे शेवटच्या धाग्यापर्यंत, एक सुटला तर मार, हे माझ्या हातात तेव्हापासून बसलंय. कापडाची जात ठरवताना मात्र किनार सोडतात. मला कुणी खवले मोजायला समोर बसून शिकवलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, शेपटीच्या मुळापर्यंत. मी शेवटच्या खवल्यापर्यंत मोजले. चोवीसच्या चोवीस मासे, बीमसारखे.

मी पुस्तक उघडलं. मासा कुठे संपतो ते ओळखायची खूण त्यात होती, मी शंभरदा वाचलेली. शेपटी हलकेच वाकवायची. जिथे घडी पडते तिथे अंग संपलं, पुढचं शेपूट. मी वाकवली. घडी एकतिसाव्या खवल्यानंतर पडली.

 टाळ्या आठवल्या. पप्पांना अजून कळलं नव्हतं की त्यांनी काय केलंय. ते खुश होते, मासा बरोबर मोजला म्हणून. मी त्यांना सांगितलं, एकतीस असतील तर हा जुनाच मासा आहे, नवं नाव नाही, अंबाडी नाही, काही नाही.

त्यांनी सुई खाली ठेवली. म्हणाले, "मी डोळा लावायलाच नको होता."

"असं म्हणू नका," मी म्हटलं. "छापून आल्यावर दुसऱ्या कुणी डोळा लावला असता."

टीचर यायला अजून तास होता. त्यांना दाखवायचं की नाही, असा प्रश्न मला पडला का, असं नंतर एका मैत्रिणीने विचारलं. नाही पडला. प्रश्न एवढाच पडला की एक मासा पुरे का चोवीस. मी माझी पिशवी उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक मासा, शेपटी वाकव, घडी बघ, सुईने मोज, वहीत लिही. पप्पा कापड सोडून मासा पुढे ठेवायचे, झाला की परत गुंडाळायचे. टीचर आल्या तेव्हा आम्ही सहाव्यावर होतो. मी उठून उभी राहिले आणि माझी चूक सांगितली, पप्पांना कशी दिसली तेही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पप्पांना नमस्कार केला आणि खुर्ची ओढून पलीकडच्या मायक्रोस्कोपला बसल्या. माझे मोजून झालेले मासे त्या पुन्हा मोजत गेल्या, मला आकडा न विचारता. संध्याकाळी आम्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकतीस, एकतीस, तीस, एकतीस. दोघींचे जुळले.

तिसरा दिवस आणि परत

सकाळी सरांना फोन केला. नमस्कारापाठोपाठ सांगितलं, की सर, मासा जुनाच आहे, मोजणी माझी चुकली होती, कशी चुकली ते असं असं.  ते म्हणाले, घाई करू नकोस, पुन्हा एकदा मोज.

"सर, चोवीसच्या चोवीस मी पुन्हा मोजलेत आणि टीचरनी वेगळं मोजलंय. आता बदलणार नाही."

"लेख अर्धा लिहून झालाय माझा."

"तो थांबवा, सर."

 मग त्यांनी विचारलं, पट्ट्यांचं काय? नर-मादी, मी म्हटलं. त्यांनी श्वास सोडल्याचा आवाज आला. म्हणाले, मोजणी मीही एकदा बघायला हवी होती. ये परत. त्यांनी हे म्हटलं, म्हणून मी त्यांना अजून सर म्हणते.

निघायच्या आधी टीचरनी विचारलं, अर्धे मासे इथे ठेवाल का? त्यांच्याकडे केरळातले सातशे-आठशे मासे, पण आमच्या ठाण्याच्या बाजूचा एकही नव्हता. इतकी वर्षं हा मासा तिकडेही तोच आहे, असं सगळे पुस्तकावरून धरून चालले होते, शेजारी ठेवून कुणी बघितलं नव्हतं. ते आम्ही काल बघितलं होतं. मी बारा मासे मोजून दिले.

टीचरनी नवी बाटली घेतली, स्पिरिट भरलं आणि माझ्यापुढे जाड कागदाची एक चिठ्ठी आणि स्पिरिटमध्ये न उडणारी शाई ठेवली. चिठ्ठी बाटलीच्या आत राहते, माशांबरोबर. तिच्यावर आधी माशाचं शास्त्रीय नाव, मग कुठून आणला, आणि खाली एक ओळ, की ही ओळख कुणी पटवली. मला वाटलं, ती ओळ त्या भरतील. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, मोजले कुणी?

मी वर जुनं नाव लिहिलं, दीडशे वर्षांपूर्वी कुणा परक्या माणसाने दिलेलं. त्याखाली अंबाडी, तालुका भिवंडी. शेवटच्या ओळीत माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण.  शाई वाळेपर्यंत पप्पा कागदावर वाकून उभे होते. त्यांना इंग्रजी अक्षरं लावायला वेळ लागतो. एकेक अक्षर लावत ते मधल्या नावापाशी आले, तिथे बोट ठेवलं, पुन्हा वाचलं आणि टीचरकडे बघून त्यांच्या लूमवरच्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, ये मेरा है."

टीचरनी चिठ्ठी बाटलीत सोडली आणि झाकण फिरवलं.